कर्नेलमधील घटनानोंदींचे स्वरूप : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात घडणाऱ्या घटनांचा मागोवा घेण्यासाठी ज्या स्वरूपात नोंदी लिहिल्या जातात, त्या स्वरूपाचा विचार बहुधा 'किती जागा लागते' आणि 'किती वेळ लागतो' या दोनच प्रश्नांभोवती होतो. प्रस्तुत लेखात लिनक्समधील एफट्रेस आणि कॉमन ट्रेस फॉरमॅट अर्थात सीटीएफ या दोन आराखड्यांची तुलना केली असून, सोलारिसमधील डीट्रेस व विंडोजमधील ईटीडब्ल्यू यांचा आवश्यक तेथे आधार घेतला आहे. नोंदीचा आटोपशीरपणा हा गुण असला तरी नोंद स्वतःचा अर्थ स्वतःबरोबर नेते काय आणि आपल्यातील उणीव कबूल करते काय, हे निकष अधिक महत्त्वाचे आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : कर्नेल, घटनामागोवा, ट्रेसिंग, एफट्रेस, सीटीएफ, रिंग बफर, आत्मवर्णन.

१. प्रस्तावना

कार्यप्रणाली चालू असताना तिच्या कर्नेलमध्ये सेकंदागणिक हजारो घटना घडत असतात. एक प्रक्रिया थांबते व दुसरी सुरू होते, उपकरणाकडून व्यत्यय येतो, फाइल वाचण्याची मागणी होते, स्मृतीचे पान दिले जाते. यंत्र संथ का झाले, आवाज मधेच का तुटला, एखादे काम ठरलेल्या मुदतीत का झाले नाही, या प्रश्नांची उत्तरे याच घटनांच्या क्रमात दडलेली असतात. हा क्रम टिपून ठेवण्याच्या क्रियेस ट्रेसिंग असे म्हणतात.

येथे एक मूलभूत अडचण आहे. ज्याचे निरीक्षण करायचे त्याच यंत्राच्या वेळातून निरीक्षणाचा खर्च भागवावा लागतो. नोंद लिहिण्यास फार वेळ लागला तर मूळ वर्तनच बदलते आणि शोधायचा दोष कधी नाहीसा होतो, तर कधी नवाच उद्भवतो. सिरियल कन्सोलवर मजकुराची एक ओळ छापण्यास काही मिलिसेकंद जाऊ शकतात. स्मृतीतील बफरमध्ये तीच माहिती द्विमान रूपात लिहिण्यास मायक्रोसेकंदाचा अंश पुरतो. या तफावतीमुळेच कर्नेलच्या नोंदी मजकुराऐवजी द्विमान रूपात लिहिण्याचा प्रघात पडला.

जुन्या पेढ्यांतील हिशेबाची रीत येथे आठवावी. गिऱ्हाईक समोर असताना रोजकीर्दीत नोंद झटपट टिपली जाते आणि तिची खतावणी मागाहून निवांतपणे होते. कर्नेल रोजकीर्द लिहितो आणि विश्लेषणाचे साधन खतावणी करते. लिहिणाऱ्याचा भार कमी करून तो वाचणाऱ्यावर टाकणे, हे या क्षेत्रातील सर्व आराखड्यांचे समान सूत्र आहे. मतभेद आहेत ते हा भार किती टाकावा आणि कोणत्या विश्वासावर टाकावा, याविषयी.

२. पार्श्वभूमी

लिनक्सपुरते बोलायचे तर या विषयाचा पद्धतशीर विचार करीम याघमूर व मिशेल दाजने यांच्या लिनक्स ट्रेस टूलकिटपासून सुरू झालेला दिसतो. या साधनावरील त्यांचा निबंध २००० साली यूसेनिक्स परिषदेत सादर झाला. पुढे मॅथ्यू देनोयर यांनी एलटीटीएनजी हे साधन उभे केले. मॉन्ट्रियल येथील एकोल पॉलिटेक्निकमधील त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध २००९ सालचा आहे. दरम्यान सोलारिस १० बरोबर २००५ मध्ये डीट्रेस आले. विंडोजमध्ये ईटीडब्ल्यू ही यंत्रणा विंडोज २००० पासूनच होती. लिनक्सच्या मुख्य प्रवाहात २००८ मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांचे एफट्रेस दाखल झाले आणि त्याच वर्षअखेरीस ट्रेसपॉइंटची सोयही झाली. एलटीटीएनजीची २.० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्याबरोबर सीटीएफ हा आराखडा प्रचारात आला.

या इतिहासात एक लहानसा गोंधळही आहे. सोलारिसमध्ये सीटीएफ ही आद्याक्षरे 'कॉम्पॅक्ट सी टाइप फॉरमॅट' या निराळ्याच वस्तूसाठी वापरली जातात. ती प्रकारवर्णनाची रचना असून घटनानोंदींचा आराखडा नव्हे. प्रस्तुत लेखात सीटीएफ म्हणजे कॉमन ट्रेस फॉरमॅट असाच अर्थ अभिप्रेत आहे.

३. बत्तीस बिटांचे दोन अर्थ

एफट्रेसचे रिंग बफर आणि सीटीएफचे एलटीटीएनजीने रूढ केलेले आटोपशीर शीर्ष, या दोहोंत प्रत्येक नोंदीच्या आरंभी ३२ बिट असतात आणि दोन्हींत त्यांची वाटणी ५ व २७ अशीच आहे. दोन्हीकडे २७ बिट काळासाठी राखले आहेत. घड्याळ नॅनोसेकंदांत मोजत असेल तर २७ बिटांत सुमारे १३४ मिलिसेकंद मावतात. त्याहून मोठा खंड पडल्यास एफट्रेस कालविस्ताराची वेगळी नोंद घालते. ती धरून ५९ बिट मिळतात व सुमारे १८ वर्षांचा काळ त्यांत बसतो. सीटीएफच्या शीर्षात ३१ हा क्रमांक राखीव असतो व तो आल्यास पुढे ३२ बिटांचा घटनाक्रमांक आणि ६४ बिटांची पूर्ण वेळ दिलेली असते.

साम्य येथेच संपते. उरलेल्या ५ बिटांत एफट्रेस नोंदीची लांबी सांगते, तर सीटीएफ नोंदीचा प्रकार सांगते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निवडीचे परिणाम मात्र दूरगामी आहेत.

लांबी ठाऊक असल्यामुळे एफट्रेसच्या वाचकास अनोळखी नोंद ओलांडून पुढे जाता येते. नोंद काय म्हणते हे कळले नाही तरी ती कोठे संपते हे कळते. सीटीएफमध्ये नोंदीची लांबी स्वतंत्रपणे लिहिलेली नसते. प्रकाराचे वर्णन पाहून एकेक क्षेत्र उलगडत गेल्यावरच नोंदीचा शेवट सापडतो. वर्णनाचा एखादा भाग हरवला किंवा चुकला, तर त्या पाकिटातील पुढील सर्व मजकूर दुर्बोध होतो व वाचकास थेट पुढच्या पाकिटापाशी जावे लागते. मात्र या बदल्यात सीटीएफ जागा वाचवते. प्रकार शीर्षातच असल्याने तो पुन्हा लिहावा लागत नाही; एफट्रेसला तोच प्रकार नोंदीच्या पोटात आणखी १६ बिट खर्चून लिहावा लागतो.

४. पुनरुक्ती : दोष की विमा

एफट्रेसच्या प्रत्येक घटनानोंदीत चार समान क्षेत्रे असतात : घटनेचा प्रकार २ बाइट, स्थितिदर्शक खुणा १ बाइट, प्रीएम्प्शनची गणना १ बाइट आणि प्रक्रियेचा क्रमांक ४ बाइट. हे एकूण ८ बाइट प्रत्येक नोंदीत पुन्हा पुन्हा लिहिले जातात. काटेकोर रचनाकारास यांतील प्रक्रियाक्रमांक अनावश्यक वाटेल. नोंदी प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या बफरमध्ये लिहिल्या जात असल्याने, त्या प्रोसेसरवर शेवटची अदलाबदल कोणाची झाली हे पाहिले की सध्या कोणती प्रक्रिया चालू आहे हे आपोआप कळते. एलटीटीएनजीने हाच विचार स्वीकारला. तेथे प्रक्रियाक्रमांक मुद्दाम मागितल्याखेरीज प्रत्येक नोंदीत येत नाही. आरंभीची परिस्थिती स्वतंत्र स्थितिनोंदींनी सांगितली जाते आणि पुढील स्थिती वाचकाने घटनांवरून बांधीत जायची असते.

हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. पण एकही नोंद गहाळ होणार नाही हे त्यात गृहीत धरलेले आहे. अदलाबदलीची एकच नोंद हरवली, तर पुढील सर्व घटना चुकीच्या प्रक्रियेच्या नावावर जमा होतात. खतावणी बिनचूक दिसते, बेरीज जुळते, परंतु रक्कम भलत्याच खात्यावर चढलेली असते. एफट्रेसची पुनरुक्ती अशा वेळी विम्याचे काम करते. जो प्रवाह स्वभावतःच गळका आहे त्यात थोडी पुनरुक्ती ही उधळपट्टी ठरत नाही.

अर्थात एफट्रेसची प्रत्येक पुनरुक्ती समर्थनीय आहे असे नाही. प्रक्रियांच्या अदलाबदलीची 'शेड्यूल स्विच' ही नोंद उदाहरणादाखल घेता येईल. ६४ बिटांच्या यंत्रावर तिचा आशय ६४ बाइटांचा असतो. त्यांपैकी ३२ बाइट जाणाऱ्या व येणाऱ्या प्रक्रियांच्या नावांसाठी, म्हणजे प्रत्येकी १६ बाइट, राखलेले असतात. नाव चारच अक्षरांचे असले तरी १६ बाइट जातातच. शीर्षाचे ४ बाइट धरून नोंद ६८ बाइटांची होते. ४०९६ बाइटांच्या पानातून पानाच्या शीर्षाचे १६ बाइट वजा केल्यास ४०८० उरतात, म्हणजे एका पानात अशा ६० नोंदी मावतात. नावे वगळली असती तर नोंद ३६ बाइटांची झाली असती आणि त्याच पानात ११३ नोंदी बसल्या असत्या.

मग नावे का ठेवली असावीत? कारण क्रमांकावरून नाव शोधण्याची पर्यायी सोय विश्वासार्ह नाही. एफट्रेस क्रमांक व नावे यांची एक छोटी सारणी बाळगते. तिची मूळ क्षमता १२८ नावांची असून जुनी नावे पुसली जातात व वाचकाच्या पदरी नावाच्या जागी तीन टिंबे पडतात. नोंदीत नाव असणे म्हणजे जागेचा अपव्यय खरा. पण ज्या क्षणी नोंद झाली त्या क्षणाचे नाव तेथे शाबूत राहते. एलटीटीएनजीनेही या विशिष्ट नोंदीत नावे कायम ठेवली आहेत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

५. अर्थ कोठे ठेवावा

द्विमान नोंद स्वतः मुकी असते. आठव्या बाइटपासून सोळा बाइट म्हणजे नाव, हे कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणे कोठे ठेवावे, या प्रश्नास निरनिराळ्या यंत्रणांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

ईटीडब्ल्यूने व्हिस्टापासून मॅनिफेस्टची पद्धत आणली. घटनांचे वर्णन वेगळ्या दस्तऐवजात असते व तो यंत्रावर नोंदवलेला असावा लागतो. नोंदी आटोपशीर राहतात. पण त्या दुसऱ्या यंत्रावर नेल्या आणि तेथे मॅनिफेस्ट नसेल, तर अर्थ लागत नाही. ही उणीव ओळखून २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ट्रेसलॉगिंग ही पद्धत आली, जीत प्रत्येक घटना आपले वर्णन स्वतःबरोबर नेते. डीट्रेसमध्ये नोंदीच्या आरंभी केवळ एक क्रमांक असतो आणि त्याचे वर्णन वाचक चालू कर्नेललाच विचारतो. वाचक व कर्नेल एकाच वेळी हजर असतील तोवर ही व्यवस्था सुटसुटीत आहे.

एफट्रेसने प्रत्येक घटनेसाठी वर्णनाची एक मजकूर-फाइल उपलब्ध केली आहे. तीत प्रत्येक क्षेत्राचे नाव, आरंभस्थान, आकार व चिन्हांकित असणे-नसणे दिलेले असते. येथवर रचना निर्दोष आहे. परंतु त्याच फाइलच्या शेवटी नोंद छापण्याची रीतही दिलेली असते आणि ती चक्क सी भाषेतील राशीच्या रूपात असते. तीत कधीकधी कर्नेलमधील कार्यांचा उल्लेख येतो. ती कार्ये कर्नेलबाहेर अस्तित्वातच नसल्याने वाचणाऱ्या साधनास प्रत्येकासाठी स्वतंत्र तजवीज करावी लागते. वर्णन म्हणून सुरू झालेली गोष्ट येथे आज्ञावलीकडे झुकते, हा या आराखड्याचा ठळक दोष मानावा लागेल.

सीटीएफने प्रवाहाबरोबरच वर्णनाची फाइल ठेवण्याचा मार्ग पत्करला. बाइटक्रम, क्षेत्रांचे आकार, घड्याळाची वारंवारता व आरंभबिंदू हे सर्व तीत येते. लिहिणारा आपल्या यंत्राच्या स्वाभाविक बाइटक्रमात लिहितो आणि उलटापालट करायची ती वाचक करतो. लिहिणाऱ्यास मोकळीक देण्याचे तत्त्व येथे पूर्णत्वास गेले आहे. मात्र १.८ आवृत्तीतील वर्णनभाषा सी भाषेच्या धर्तीवर बेतलेली होती. लेखकास ओळखीची वाटणारी ही भाषा वाचक-साधनांच्या कर्त्यांना जड गेली, कारण एक साधी फाइल वाचण्यासाठी व्याकरणाचे पूर्ण विश्लेषण करणारी आज्ञावली लिहिणे भाग पडे. २०२४ मध्ये आलेल्या सीटीएफ २ मध्ये ही भाषा सोडून वर्णन जेसनमध्ये करण्यात आले. चलमान लांबीच्या पूर्णांकांची व ऐच्छिक क्षेत्रांची सोय झाली. नोंदींच्या प्रवाहाची घडण मात्र मूलतः तीच राहिली. तपानंतर घेतलेला हा निर्णय म्हणजे जुन्या आवृत्तीवरील एक प्रकारची टीकाच होय.

मोडी लिपीचे उदाहरण येथे अप्रस्तुत ठरू नये. हात न उचलता वेगाने लिहिता यावे ही तिची सोय होती आणि दफ्तरांच्या कामी ती सोय मोलाची ठरली. पण वाचणारे जाणकार विरळ होताच रुमालांत बांधलेली असंख्य कागदपत्रे अबोल झाली. लिहिण्याच्या सोयीसाठी घडवलेल्या प्रत्येक लिपीला वाचनाची परंपरा जपावी लागते. सीटीएफने वर्णन नोंदींच्या शेजारी ठेवून ती परंपरा कागदासोबतच बांधून दिली, हे तिचे सर्वांत मोठे श्रेय आहे.

६. करार कोणाचा : २०११ चा धडा

वर्णन उपलब्ध असूनही ते वाचले गेले नाही तर काय होते, याचे उदाहरण २०११ मध्ये दिसले. लिनक्समधील बिग कर्नेल लॉक हे जुने कुलूप त्या वर्षी २.६.३९ या आवृत्तीत पूर्णपणे काढले गेले. एफट्रेसच्या समान क्षेत्रांत त्या कुलुपाची खोली दर्शविणारे ४ बाइटांचे एक क्षेत्र होते. कुलूपच गेल्यावर ते काढणे स्वाभाविक होते. परंतु वीजवापर तपासणारे पॉवरटॉप हे साधन वर्णन-फाइल न वाचता ठरावीक स्थानांवरून माहिती उचलत होते. क्षेत्र निघताच पुढील सर्व क्षेत्रे ४ बाइट मागे सरकली आणि साधन बिघडले. कर्नेलच्या कर्त्यांना त्या जागी ४ रिकामे बाइट ठेवणे भाग पडले. पॉवरटॉपने वर्णन वाचण्याची पद्धत स्वीकारल्यानंतरच पुढे ही रिकामी जागा हटवता आली.

या प्रसंगात दोन्ही पक्षांकडे काही अंशी न्याय होता. आराखडा आत्मवर्णन करणारा असल्याने तो बदलण्याचा अधिकार आपणास आहे, असे रचनाकारांचे म्हणणे होते. वापरकर्त्याचे चालते साधन मोडता कामा नये, हा कर्नेलचा जुना दंडक होता. निर्णय दंडकाच्या बाजूने लागला. यातून निघणारा निष्कर्ष असा, की वर्णन देणे पुरेसे नाही. वर्णनाशिवाय वाचणे तितकेच सोपे असेल, तर कोणीतरी तसे वाचणारच. वर्णन वाचणारे सुलभ ग्रंथालय आराखड्याबरोबरच दिले गेले असते, तर हा वाद कदाचित उद्भवला नसता. २०२२ मध्ये 'शेड्यूल स्विच' या ट्रेसपॉइंटला मागील स्थितीचा नवा घटक मधल्या जागी जोडला गेला, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या बीपीएफ आज्ञावली अशाच मोडल्या व तो घटक शेवटी न्यावा लागला. अकरा वर्षांनंतरही धडा तोच राहिला.

७. न कळलेले आणि न घडलेले

घटनानोंदींच्या आराखड्याची खरी कसोटी त्याच्या कबुलीजबाबात आहे. बफर भरल्यावर नोंदी गळणे अटळ असते. नव्या नोंदी टाकून द्यायच्या की जुन्या पुसायच्या, एवढाच विकल्प उरतो. गळती झाली हे प्रवाहातच लिहिले नाही, तर वाचक 'नोंद नाही' याचा अर्थ 'घटना नाही' असा करतो. डीट्रेस कोणत्या प्रोसेसरवर किती नोंदी गळाल्या हे वापरकर्त्यास कळविते. सीटीएफमध्ये पाकिटाच्या संदर्भभागात गळालेल्या नोंदींची चढती गणना ठेवता येते. एफट्रेस पान वाचताना त्याच्या शीर्षातील राखीव बिटांनी त्याआधी नोंदी हुकल्याची खूण करते. या तिन्ही पद्धतींत किती गळाले हे कळू शकते. नेमके काय गळाले हे अर्थातच कळत नाही. तरीही ही मर्यादित कबुलीसुद्धा कोणत्याही आटोपशीरपणापेक्षा मोलाची आहे.

गळतीपेक्षा अधिक फसवी बाब काळाची आहे. एफट्रेसमध्ये प्रत्येक नोंद मागील नोंदीपासूनचे अंतर लिहिते. एक नोंद लिहिली जात असताना मधेच व्यत्यय आला आणि त्या व्यत्ययाने स्वतःची नोंद केली, तर मागील वेळ कोणती धरावी हे आतील नोंदीस निश्चित ठरवता येत नसे. अशा वेळी अंतर शून्य लिहिले जाई. परिणामी व्यत्ययाचा आरंभ व शेवट, दोन्ही बाहेरील नोंदीच्याच क्षणी घडल्यासारखे दिसत आणि त्यास लागलेला काळ शून्य भासे. २०२० मध्ये रोस्टेड यांनी वेळ नोंदविण्याची रीत बदलून हा दोष दूर केला. तोवर वर्षानुवर्षे 'शून्य' या अंकाचे दोन अर्थ होत होते : 'काळ गेला नाही' आणि 'किती गेला ते सांगता येत नाही'. यंत्राच्या विलंबाचे कारण शोधणाऱ्या अभ्यासकास हा भेद निर्णायक असतो. २७ बिटांत अज्ञानासाठी एक जागा राखून ठेवणे अशक्य नव्हते. ते रचनेच्या वेळी सुचले नाही, एवढेच.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, लिहिणाऱ्याचा भार हलका ठेवणे हे कर्नेलच्या संदर्भात योग्यच आहे. तथापि वाचलेल्या प्रत्येक बिटाबरोबर वाचकावर एखादे गृहीतक लादले जाते, याचे भान हवे. दुसरा, नोंदीची लांबी सांगणे व नोंदीचा प्रकार सांगणे यांत निवड करताना वर्णन हरवल्यास काय उरेल, हा प्रश्न आधी विचारावा. तिसरा, वर्णन नोंदींबरोबर प्रवास करणारे, निव्वळ माहितीच्या रूपातील आणि वाचण्यास सोपे असावे. या बाबतीत सीटीएफची दिशा एफट्रेसहून अधिक दूरदर्शी ठरते. चौथा, गळक्या प्रवाहात एफट्रेसची मर्यादित पुनरुक्ती सीटीएफच्या काटकसरीहून अधिक सुरक्षित आहे.

या दोन आराखड्यांपैकी कोणा एकास निर्विवाद श्रेष्ठ ठरविणे म्हणूनच उचित होणार नाही. एफट्रेस चालू यंत्रासमोर बसलेल्या जाणकारासाठी घडले आहे. सीटीएफ दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या दिवशी, निराळ्या साधनाने वाचणाऱ्यासाठी. परंतु दोघांनाही लागू पडणारा निकष एकच आहे. नोंद थोडी मोठी झाली तरी चालेल, वाचक थोडा मंद झाला तरी चालेल. मात्र जे टिपता आले नाही ते घडलेच नाही, असा समज तिने वाचकाच्या मनात निर्माण करू नये.